मालवणला स्कूबा झालं, आता सिमिलन?

प्रश्न : मी आणि बायकोने मागच्या दिवाळीत मालवणला स्कूबा केलं, जाम आवडलं. आता मेच्या शेवटी थायलंडला सिमिलन बेटांवर डायव्हिंग करायचं ठरतंय. मुलगी 9 वर्षांची आहे, तिलाही न्यायचंय. एक रात्र बेटावरच राहावं असं मनात आहे. जमेल का? - एक वाचक, कोथरूड

उत्तर : तिकिटं काढली नसतील तर थांबा जरा. सिमिलन हे नॅशनल पार्क आहे, 1982 पासूनचं, आणि ते साधारण 15 ऑक्टोबर ते 15 मे एवढंच उघडं असतं, पुढे पावसाळ्यात बंद. म्हणजे मेच्या शेवटी तुम्ही खाओ लाकच्या (बेटांसमोरचं मुख्य भूमीवरचं गाव) किनाऱ्यावर बसून नुसता पाऊस बघाल. त्यापेक्षा दिवाळीची सुट्टी धरा, किंवा मुलीची शाळा बुडवायची तयारी असेल तर फेब्रुवारी-मार्च, तेव्हा को बोन या तिथल्या बेटाजवळ मँटा रे, म्हणजे पंख पसरल्यासारखा दिसणारा भलामोठा मासा, दिसायचा चान्स जास्त असतो (चान्स म्हणतोय हां, मासे काही बुकिंग बघून येत नाहीत).

बेटावर राहायचं मात्र विसरा. पूर्वी तंबूबिंबू मिळायचे, पण गर्दीने बेटांची पार वाट लागायला लागली म्हणून 2018 पासून मुक्काम बंद केला आणि रोज किती लोक येणार त्यालाही मर्यादा घातली. को ताचाई नावाचं बेट तर 2016 मध्येच पर्यटकांना बंद झालं. रात्र समुद्रातच काढायची असेल तर लिव्हअबोर्ड, म्हणजे बोटीवरच झोपायचं, खायचं आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह मारायच्या. मला विचाराल तर तेच बेस्ट, पण ते लायसन्सवाल्यांसाठी, म्हणजे डायव्हिंगचा कोर्स केलेल्यांसाठी.

आता खरा मुद्दा. मालवणला तुम्ही जे केलं ती डाइव्ह होती, पण ती तुम्ही केली नाही, तुमच्या इन्स्ट्रक्टरने केली! सिलिंडर त्याने धरलेला, वर-खाली व्हायला जॅकेटमधली हवा त्याने कमीजास्त केली, तुम्ही माशांना ब्रेड टाकत कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवला, बरोबर ना? डायव्हिंगमध्ये अंगठा म्हणजे "वर चला". ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करतात. सिमिलनला असा अंगठा दाखवलात तर गाइड खरंच तुम्हाला वर घेऊन जाईल, आणि ब्रेड तर काढूच नका, पार्कात माशांना खायला घालायला बंदी आहे.

तिथे पश्चिमेच्या बाजूला ग्रॅनाइटचे घराएवढे दगड एकमेकांवर पडलेत, मधल्या फटींतून पोहत जायचं असतं आणि करंटही (पाण्याचा प्रवाह) असतो. आठ नंबरच्या बेटाजवळचं एलिफंट हेड रॉक हे त्यातलं फेमस. (बेटांना नंबरच आहेत, सिमिलन हे नावच मलय भाषेतल्या नऊ या आकड्यावरून आलंय.) पूर्वेकडे उतारावर प्रवाळ, तिथे शांत. पण शांत असो नाहीतर करंट, पाण्याखाली एका जागी तरंगता आलं पाहिजे, नाहीतर तुमची एक लाथ आणि कित्येक वर्षं वाढलेलं प्रवाळ खल्लास. आधीच 2010 मध्ये पाणी तापून तिथलं खूप प्रवाळ पांढरं पडलं होतं.

म्हणून आधी ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगच्या लायसन्सचा पहिला कोर्स करा, तीन-चार दिवसांचा असतो, त्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं. 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं पाण्यावर तरंगणं यायला हवं, टायमिंग कोणी लावत नाही. मुलीला 10 पूर्ण होऊ द्या, त्याआधी समुद्रात स्कूबा नाहीच. यावेळी तिच्यासाठी स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावरूनच खाली बघायचं), आणि खरं सांगू, तिथल्या पाण्यात तेही काही कमी नाही. सनस्क्रीन बघून घ्या, ऑक्सिबेन्झोनसारखी प्रवाळाला घातक रसायनं असलेली थायलंडच्या पार्कात 2021 पासून चालत नाहीत.

प्रश्न : शेवटच्या दिवशी दुपारी डाइव्ह करून रात्रीच्या फ्लाइटने मुंबई, चालेल? आणि सर्दी झाली तर गोळी घेऊन उतरलं तर? - एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्हीला नाही. खाली असताना शरीरात नायट्रोजन मुरतो, तो बाहेर पडायच्या आधी विमानातल्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर निदान 18 तास जमिनीवर काढा, मी तर सरळ एक अख्खा दिवस ठेवतो. सर्दीत कानातला दाब सारखा करता येत नाही, आणि गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना कानात हवा अडकते. त्या दिवशी बोटीवर बसून राहायचं. पैसे बहुतेक परत मिळत नाहीत, हे मात्र खरंय.