मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेच, मग तास वेगळे का?

प्रश्न: आम्ही दोघं जूनमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला चाललोय, पहिल्यांदाच. तिकिटावर मुंबईहून रात्री १:३० ला निघून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोचणार असं आहे, म्हणजे सहाच तास? आणि नोव्हेंबरअखेर परत येताना सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी ११:४५, म्हणजे जवळजवळ पंचवीस तास! नक्की बसायचंय किती? ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून विचारतेय.
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, सगळा घोळ तिथेच होतो. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणून तुमच्या सहा तासांत साडेनऊ मिळवा, झाले साडेपंधरा. परतीला उलटं, पावणेपंचवीसमधून वजा करायचे, पण साडेनऊ नाही हं, साडेदहा! नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकावाले घड्याळं एक तास मागे घेतात, आपण काही करत नाही, त्यामुळे फरक वाढतो. म्हणजे परतीचे सव्वाचौदा तास.

आता येताना सव्वा तास कमी का, तर वारा. विमान जिथून उडतं त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना, आणि हिवाळ्यात तर ते ताशी २०० किमीच्याही वर जातात. येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर.

गुगल जे साडेबारा हजार किमी दाखवतं ते पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात कमी अंतर. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, सपाट नकाशावर रेघ सौदी, अल्जीरियावरून जाईल असं वाटतं पण दोरा चक्क आइसलंडवरून जातो! खरं विमान मात्र वारा, बंद हवाई हद्दी सगळं बघून वाट ठरवतं, त्यामुळे किलोमीटरला फार धरून बसू नका. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, वाट सुमारे १,४०० किमीने लांबली तरी विमान जवळपास दोन तास आधी पोचलं, कारण पूर्वेकडे उडाल्यामुळे तोच वारा पाठीशी! आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मध्ये व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं.

तिकिटावरच्या तासांत धावपट्टीपर्यंत रांगेत रखडणंही धरलेलं असतं, त्यामुळे हवेतले तास त्याहून थोडे कमीच. तुमचं थेट विमान आहे ते बरंय, गुडघे दुखत असताना स्वस्त मिळतं म्हणून मध्ये कुठेतरी पाच-सहा तास थांबणारं घेतलं असतंत तर हाल झाले असते. सीट पॅसेजच्या बाजूची घ्या म्हणजे दर दोन तासांनी उठून फेरी मारता येईल, आणि व्हीलचेअर हवी असेल तर आत्ताच एअरलाइनला फोन करून तिकिटावर नोंदवून घ्या, दोन्ही बाजूंच्या प्रवासाची. न्यूयॉर्कला इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहायची वेळ येऊ शकते.