किती टक्के चालतात?

प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की ग्रंथालयात माझ्या टेबलाशी गर्दी होते. पुस्तकं कुणालाच नको असतात, ‘किती टक्के चालतात?’ एवढंच विचारायचं असतं; म्हणजे उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला इतरांच्या लिखाणाशी जुळणारा किती मजकूर सापडलेला चालतो. यंदाचे प्रश्न एकत्रच घेते.

प्रश्न : शेवटी संदर्भसूची दिली आहे. मजकुरातही संदर्भ द्यायचा का?

हो. शेवटच्या यादीवरून तिसऱ्या पानावरचं वाक्य कुणाचं ते कळत नाही.

प्रश्न : संदर्भ लिहायला एपीए पद्धत वापरू की एमएलए?

तुमचा विभाग सांगेल ती. मित्र सांगेल ती नव्हे.

प्रश्न : तपासणीत २२ टक्के आले. १५च्या आत लागतात म्हणे. एक जण पैसे घेऊन कमी करून देतो.

‘म्हणे’वर प्रबंध लिहू नका; मर्यादा काय आहे ते विभागातून लेखी घ्या. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द दाखवतं, चोरी ठरवतो माणूस. अवतरणं आणि संदर्भसूची धरून आलेले २२ टक्के निर्दोष असू शकतात, आणि ४ टक्क्यांत अख्खा परिच्छेद उचललेला असू शकतो. अहवाल घेऊन मार्गदर्शकांकडे बसा.

टक्के उतरवून देणारे बहुतेकदा समानार्थी शब्द कोंबतात. छापून आलेल्या इंग्रजी शोधनिबंधांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (बनावट जाणीव) झालेलं संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, ते याच कारागिरीचं फळ. शिवाय तुमचा प्रबंध त्या माणसाकडे राहतो, तो वेगळाच.

प्रश्न : इंग्रजी लेखातली तीन पानं मी स्वतः मराठीत आणली. सॉफ्टवेअरनं काहीच पकडलं नाही. शब्द तर माझेच आहेत ना?

शब्द तुमचे. पण मुद्द्यांचा क्रम कुणाचा? उदाहरणं कुणी शोधली? आक्षेप कुणाला सुचला, त्याचं उत्तर कुणी दिलं? ते सगळं त्या लेखकाचं आहे, आणि तुमच्या पानावर त्याचं नावच नाही. भाषांतर हे कष्टाचं काम आहे, त्याचं श्रेय जरूर घ्या. ‘अमुक लेखातून, भाषांतर माझे’ असं लिहून घ्या. पण सलग तीन पानं भाषांतरच असेल, तर श्रेय देऊनही तुमचं काम काय उरतं, हे मार्गदर्शक विचारणारच.

हे बहुतेक वेळा लबाडीनं होत नाही, वहीतून होतं. वाचताना आपण अर्धं वाक्य उतरवतो, अर्धं मराठीत करतो, मध्येच स्वतःचा विचार टाकतो. दोन महिन्यांनी वही उघडली की सगळंच आपलं वाटतं. म्हणून शब्दशः घेतलेल्याला तिथल्या तिथे अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक, भाषांतराला ‘भा.’, स्वतःच्या विचाराला वेगळी शाई. मग पुस्तक मिटून लिहा आणि उघडून ताडून पाहा. वाक्याचा सांगाडा तोच निघाला तर पुन्हा लिहा. आणि जमलं तरी संदर्भ द्यायचाच. कल्पना उसनीच असते. पहिल्या तासापासून मी हेच सांगत आले आहे, पण सगळ्यांना टक्केच हवे असतात.

प्रश्न : चॅटजीपीटीनं सुचवलेले संदर्भ सूचीत घालू का?

मूळ लेख उघडून वाचला असेल तरच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कधी न झालेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड भरायची पाळी आली. ते साधन वापरायला परवानगी आहे का, हेही आधी शिक्षकांना विचारा.

प्रश्न : मूळ ग्रंथ मिळाला नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात त्यातला उतारा आहे.

मग जे हातात आहे त्याचाच संदर्भ द्या, ‘अमुक यांनी उद्धृत केलेले’ म्हणून. न वाचलेला ग्रंथ वाचल्यासारखा दाखवू नका. मूळ ग्रंथासाठी ग्रंथपालांना विचारलंत का?

प्रश्न : गेल्या वर्षीचा माझाच निबंध पुन्हा दिला तर?

दोन्ही शिक्षकांना आधी विचारा. न विचारता नाही.

प्रश्न : प्रबंध दिला, आता दोन संदर्भ राहून गेल्याचं लक्षात आलं. निकाल लागेपर्यंत थांबू?

थांबताय कशासाठी? पान क्रमांक लिहून आजच मार्गदर्शकांना कळवा.