गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत पंप आणि आरसे सांभाळणारी माणसं दिवसभर काय करतात?

तुमचा प्रश्न असा आहे: "मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव वसमतजवळ. औंढा नागनाथला लायगो होणार आहे. ते यंत्र एकदा बसवून झालं की देखभालीला उरतं काय? पंप चालू ठेवायचे आणि आरसे पुसायचे, एवढंच का?"

घरघरणारे पंप बहुतेक बंद ठेवायचे आणि आरशांना शक्यतो हात लावायचा नाही, असं माझं उत्तर आहे. तिथली बरीचशी मेहनत झाकण उघडावं लागू नये म्हणून असते. मी तेरा वर्षं व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा उपसून जागा निर्वात ठेवण्याच्या कामात आहे. त्यातली साडेतीन अमेरिकेत, लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टनच्या लायगो वेधशाळेत गेली. तिथे जे पाहिलं आणि केलं त्यावरून लिहितो.

लायगो म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. अशी लहर गेली की दूरदूर टांगलेल्या आरशांमधलं अंतर किंचित बदलतं, ते लेझरने मोजायचं. आधी आकार डोळ्यांसमोर आणा. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येक ४ किलोमीटर लांब. व्यास सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे आतून माणूस वाकून चालत जाईल. भिंत मात्र जेमतेम ३ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलची. दोन्ही नळ्या आणि टोकांचे, आरसे ठेवलेले चेंबर मिळून सुमारे १०,००० घनमीटर जागा होते, म्हणजे एक कोटी लिटर. एवढ्या जागेतला दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत उतरवलेला असतो. सुरुवातीला ही हवा उपसायलाच ४० दिवस लागले होते. शिवाय नळीच्या धातूत मुरलेलं पाणी निघावं म्हणून तिच्यातूनच वीज सोडून ती दीडशे अंशांच्या वर महिनाभर तापवत ठेवली होती. अशी तापवलेली नळी पुन्हा हवेला उघडी करायला कुणी सहजासहजी तयार होत नाही. म्हणून चेंबर उघडायचा झाला तर मधले प्रचंड गेट व्हॉल्व्ह बंद करतात आणि नळी तशीच ठेवतात.

एवढा आटापिटा कशासाठी? लेझरचा झोत त्या नळीतून ये-जा करतो. वाटेत रेणू आडवे जात राहिले की प्रकाशाची चाल किंचित डळमळते, आणि मोजायचं आहे ते त्याहून नाजूक. १४ सप्टेंबर २०१५ला जी पहिली लहर सापडली ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची होती. तिने ४ किलोमीटरच्या नळीतलं आरशांमधलं अंतर जेवढं हललं ते प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही काहीशे पटींनी कमी होतं. त्यात आरसे लोलकासारखे टांगलेले असतात. हवेचे रेणू त्यांच्यावर आपटले तरी ते हलतात.

आता पंपांचं. पंप म्हटलं की आपल्याला घरघर आठवते, पण वेध चालू असताना घरघर परवडत नाही. फिरते पंप आणि टर्बो पंप सुरुवातीची हवा काढतात, दाब पुरेसा उतरला की तेही बंद करतात. पुढचं काम आयन पंप करतात. त्यात हलणारा एकही भाग नसतो. उच्च व्होल्टेज आणि चुंबकाच्या जोरावर ते रेणूंचे आयन करतात आणि टायटॅनियममध्ये गाडून टाकतात. जोडीला लिक्विड नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवलेले क्रायोपंप असतात. पाण्याची वाफ त्यांच्या भिंतीवर गोठून बसते.

या पंपांकडे जायचं कमी आणि त्यांचे आकडे बघायचे जास्त. आयन पंपाचा करंट हेच आतल्या दाबाचं माप. आज किती, काल किती, मागच्या महिन्यात पावसाच्या दिवसात किती होता, हे पाठ होऊन जातं. सगळ्यात जवळचा सोबती म्हणजे रेसिड्युअल गॅस ॲनालायझर. आम्ही त्याला आरजीए म्हणतो. आत उरलेल्या वायूंना तो वस्तुमानाप्रमाणे वेगळं करतो आणि पडद्यावर काठ्या उभ्या राहतात. २ला हायड्रोजन, १८ला पाणी, ४४ला कार्बन डायऑक्साइड. २८ची काठी ३२च्या चौपट दिसली आणि ४०ला आर्गॉनने डोकं वर काढलं, की बाहेरची हवा कुठून तरी आत येतेय हे समजायचं. मग हेलियमची बारीक नळी घेऊन जोडांवर फुंकत जायचं. सुरुवात वरून करायची, कारण हेलियम वर चढतो. खालून सुरुवात केली तर वरच्या फ्लँजचा, म्हणजे बोल्टने आवळलेल्या जोडाचा लीक खालच्याच्या नावावर लागतो. घाई करायची नाही. एका जोडावर फुंकलं की थांबायचं, ४ची, म्हणजे हेलियमची काठी हलते का बघायचं, मग पुढे.

हे सगळं करायला वेळही मोजून मिळतो. वेध सुरू असताना तुम्ही इमारतीत पाना आपटत फिरू शकत नाही. लायगोत देखभालीसाठी मंगळवारी सकाळचे काही तास राखून ठेवलेले असतात. क्रेन, फोर्कलिफ्ट, केबल बदलणं असलं दणदणाटाचं काम शक्यतो तेव्हाच होतं. दुपारी यंत्र पुन्हा 'लॉक' व्हायला लागतं, म्हणजे सगळे आरसे जागेवर धरून लेझर त्यांच्यामध्ये अडकवला जातो. त्या वेळी कंट्रोल रूममध्ये जी शांतता असते ती मला अजून आवडते.

क्रायोपंपावरून एक खरी हकिकत सांगतो. व्हॅक्यूम आणि प्रकाशाचं नातं यातून नीट कळतं. दुसरी लायगो वेधशाळा वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आहे, रखरखीत वाळवंटी मुलखात. तिथे २०१७च्या उन्हाळ्यात मोजणीत काही खटके दिसायला लागले. माग काढत लोक नळीच्या टोकाच्या इमारतीबाहेर पोचले. नायट्रोजनची वाफ बाहेर सोडणाऱ्या थंडगार पाइपवर बर्फ साचला होता आणि त्यावर चोचींच्या खुणा होत्या. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचत होते. तो ठोका पाइपातून क्रायोपंपाला, तिथून चेंबरच्या भिंतीला जायचा. भिंतीवर आधीच इकडेतिकडे विखुरलेला थोडा लेझरप्रकाश पडत असतो. भिंत हलली की तो हलतो आणि परत मुख्य झोतात मिसळून खोटा इशारा देतो. लोकांनी स्वतः पाइपावर तसेच ठोके देऊन पाहिले, तर तोच आवाज मोजणीत आला. उपाय साधा होता, पाइपवर बर्फच धरू नये अशी सोय करायची. पण तो सुचायला इमारतीबाहेर जाऊन पाइपकडे बघणारा माणूस लागला.

आता आरसे. मुख्य आरसा म्हणजे फ्यूज्ड सिलिकाचा ४० किलोचा ठोकळा, ३४ सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर जाड. चार लोलकांची एकाखाली एक माळ असते, त्यात सर्वांत खाली हा. तो तोललेला असतो काचेच्या चार तंतूंवर, प्रत्येक तंतू ०.४ मिलिमीटर जाड आणि ६० सेंटिमीटर लांब. नळीत आरशांच्या मध्ये खेळणारी लेझरची शक्ती आता ३०० किलोवॅटच्या वर गेली आहे. आरशावरच्या लेपात कुठे केसाच्या जाडीएवढा जरी शोषणारा ठिपका असला, तरी तो तापतो, आरशाचा पृष्ठभाग तिथे फुगतो आणि प्रकाश विस्कटतो. बाहेरून आलेल्या धुळीचा कण किंवा तेलाचा अंश तर तिथे भाजूनच निघतो. म्हणून चेंबरमध्ये जाणारा प्रत्येक तुकडा आधी धुतलेला, मग भट्टीत तापवलेला आणि आरजीएवर तपासलेला असतो. बोल्टला वंगण चालत नाही. पण स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या आट्यात कोरडा फिरवला की आटे एकमेकांना धरतात आणि बोल्ट तिथेच चिकटतो. म्हणून बोल्टला चांदीचा मुलामा देतात. तुमच्या वर्कशॉपच्या सरांना हे सांगा, त्यांना आवडेल.

चेंबर उघडायचा दिवस. आधी कोरडी, गाळलेली हवा आत हळूहळू सोडतात. दारावर पडद्यांची फिरती क्लीनरूम लावलेली असते. अंगभर पांढरा डगला, डोक्यावर टोपडं, तोंडाला मास्क, पायात बूट आणि हातात दोन-दोन ग्लोव्हज. वरचा ग्लोव्ह कशालाही चुकून लागला की बदलायचा. आत सिलिकॉनच्या चकत्या मांडून ठेवतात. त्यांच्यावर किती धूळ बसली ते नंतर मोजलं की कळतं, आपण किती स्वच्छ काम केलं.

तरीही आरसा साफ करावा लागलाच, तर कापड फिरवत नाहीत. एक पॉलिमरचं पातळ द्रावण ब्रशने आरशावर लावतात, थर सुकू देतात आणि मग कडेच्या पट्टीला धरून तो अलगद सोलून काढतात. तापवलेल्या दुधावरची साय एका अखंड तुकड्यात निघावी तसा तो निघतो, आणि कण त्याच्याबरोबर येतात. पण सोलताना काचेवर विद्युतभार साठतो. हे आरसे विद्युतबलानेच हळूच ढकलून जागेवर धरलेले असतात, म्हणजे हा नको असलेला भार थेट मोजणीत उतरतो. म्हणून एक जण सोलत असताना दुसरा आयनित नायट्रोजनचा झोत मारत राहतो. मी मदतीला उभा होतो तेव्हा वीस मिनिटं आमच्यात "थांब" आणि "हं, चल" याखेरीज एक शब्द झाला नव्हता.

व्हॅक्यूमवाला आणि ऑप्टिक्सवाला वेगळे, असं ज्यांना वाटतं त्यांना मी इटलीतल्या व्हर्गोचं उदाहरण देतो. पिसाजवळच्या कॅशिना इथला हा ३ किलोमीटर नळ्यांचा शोधक. नव्या रूपात उभारताना त्यांचे आरसेही काचेच्या तंतूंवर टांगले होते, पण व्हॅक्यूममध्ये गेल्यावर ते तंतू पुन्हा पुन्हा तुटायला लागले. आधी सगळ्यांची नजर काचेवर, जोडकामावर. शेवटी कारण सापडलं ते पंपांत. तेलाशिवाय चालणाऱ्या स्क्रोल पंपांतून झिजलेले कण यंत्रात गेले होते, हवा आत सोडताना ते उडायचे आणि तंतूंवर आदळायचे. ताज्या काचतंतूची ताकद पोलादाला हरवेल अशी असते, पण ती सगळी त्याच्या निर्मळ पृष्ठभागात असते. एक सूक्ष्म ओरखडा पडला की संपलं. अखेर त्यांनी ऑगस्ट २०१७ची मोजणी पोलादी तारांवर केली, मोजणीतला जास्त आवाज पत्करून. तरीही १४ ऑगस्टची लहर टिपण्यात लायगोचे दोन आणि व्हर्गो असे तिन्ही शोधक एकत्र होते. पुढे पंपांची व्यवस्था सुधारली, तंतूंना संरक्षण दिलं आणि २०१८मध्ये काचेचे तंतू परत बसवले. पंपाच्या सीलची झीज हा देखभालीच्या वहीतला एक साधा रकाना. त्याने एवढ्या मोठ्या यंत्राचे आरसे पाडले.

माझी स्वतःची चूक याच जातीची. लायगोच्या आधी एका छोट्या प्रयोगशाळेत होतो, नोकरीचं पहिलं वर्ष. चेंबर बंद केला, पंप लावला, दाब एका आकड्यावर येऊन अडला. दोन दिवस हेलियम घेऊन लीक शोधला. लीक नव्हता. मग आमच्या वरिष्ठ मॅडमनी आरजीए वरच्या, जड वस्तुमानांपर्यंत पळवायला लावला. ४१, ४३, ५५, ५७, ६९, ७१ अशा जोड्या, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीपासून १४ अंतरावर, फणीच्या दातांसारख्या. तेलाची सही. त्यांनी एवढंच विचारलं, "ग्लोव्ह घालून चेहऱ्याला हात लावलास?" लावला होता. घामाने चष्मा घसरत होता, तो वर सरकवला आणि त्याच बोटांनी आतली प्लेट धरली. उघडणं, धुणं, भट्टी, पुन्हा पंप, यात तीन आठवडे गेले. त्या काळात एक विद्यार्थिनी तिच्या मोजणीसाठी थांबून होती. रोज तिला जिन्यात भेटायचो, आणि ते मला अजून लागतं.

आता तुमच्याबद्दल. लायगो-इंडियाला एप्रिल २०२३मध्ये सुमारे २६०० कोटींची मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ला पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि बांधकामासाठी अणुऊर्जा विभागाचा मुंबईतला विभाग, अशी कामाची वाटणी आहे. व्हॅक्यूमचा भार गांधीनगरकडे, लेझर आणि ऑप्टिक्सचा इंदूरकडे. जाहिराती या संस्थांच्या नावाने निघतात, तिकडे लक्ष ठेवा. नुसतं "लायगो" शोधत बसलात तर त्या हुकतील.

डिप्लोमा कमी पडेल ही भीती मनातून काढा. मी पाहिलेले सर्वांत चांगले लीक शोधणारे दोघेही हातानं काम करत वर आलेले होते, एक वेल्डर आणि एक फिटर. टिग वेल्डिंग आतून कसं दिसलं पाहिजे ते शिका. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फेऱ्या मारत आवळायची सवय लावा. तांब्याच्या गॅस्केटची फ्लँज टेबलावर ठेवताना तिची धार कधीही खाली करू नका. जवळच्या एखाद्या कारखान्यात हेलियम लीक टेस्टिंग चालत असेल, तर एक सुट्टी तिथे घालवा, नुसतं उभं राहून बघायला मिळालं तरी चालेल. आणि केलेलं प्रत्येक काम तारीख-वेळ टाकून वहीत लिहा: कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवला, आकडा आधी किती होता, नंतर किती. सहा महिन्यांनी आकडा चढतो तेव्हा सगळे त्याच वहीकडे धावतात.

चष्मा वापरत असाल तर त्याला मागून दोरी बांधायची सवय आत्तापासूनच करा.