बाबांची उधारी, त्याच्या खात्यावर

प्रश्न : लहानपणी बाबा ‘शनिवारी नक्की येतो’ म्हणायचे आणि यायचेच नाहीत. आता माझा साखरपुडा झालाय. मुलगा चांगला आहे, पण त्याने फोन उचलला नाही की पोटात गोळा येतो. मग मी पाच-सहा वेळा लावते. वडिलांवरचा भरवसा उडालेल्यांचा जोडीदारावर कधीच बसत नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बसतो. दोन्हींचा संबंध आहे, पण वाटतो तितका घट्ट नाही. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी डेन्व्हरच्या एका वृत्तपत्रात प्रेमाविषयी प्रश्नावली छापली होती. निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून थोडे जास्त लोक नात्यात निर्धास्त निघाले, आणि आईवडिलांच्या त्यांच्या आठवणीही तुलनेने मायेच्या होत्या. पण त्या आठवणीच. आज मन धास्तावलेलं असलं की बालपणही तसंच आठवतं. पुढच्या अभ्यासांत हा मेळ बेताचाच दिसला.

तुमच्या बाबतीत खरी गोम त्या पाच-सहा कॉलमध्ये आहे. सहाव्याला तो ‘अगं, मीटिंगमध्ये होतो’ म्हणतो आणि जीव भांड्यात पडतो. मनाची समजूत होते, की आपण फोन लावत राहिलो म्हणून सगळं ठीक झालं. ‘उचलला नाही, तरी काही बिघडलं नाही’ हा अनुभव गाठीला लागतच नाही.

एक कॉल, एक मेसेज, मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वीस मिनिटं. वहीत लिहा: काय घडलं, मला काय वाटलं, भीती दहापैकी किती. तो बोलल्यावर खरं कारण त्याखाली. पहिल्या दोन-तीन वेळा आकडा उलट चढेल. तिथेच बहुतेक जण सोडून देतात. निदान दहा नोंदी होऊ द्या.

त्याच्याकडे ‘विश्वास वाटेल असं वाग’ असं मोघम मागू नका. ‘तासाभराहून उशीर होणार असेल तर एक ओळ टाक’ एवढं नेमकं मागा, म्हणजे पाळलं की नाही ते कळतं. लोकेशन, पासवर्ड मात्र नको. हल्ली ती प्रेमाची खूण समजतात, पण ती पाळत झाली.

आणि दहापैकी सात वेळा ती ओळ आलीच नाही, किंवा पगार, कर्ज यांबद्दल तो उडवाउडवी करत असेल, तर कारण बाबांमध्ये शोधू नका. लग्नाचा हॉल बुक करण्याआधी त्याच्याशी बोला.