वाचकांचे प्रश्न : लांब मानेच्या डायनासोरांचे गट कशावरून पाडतात?

प्रश्न : सातवीच्या मुलांना रमण विज्ञान केंद्रात डायनासोरांच्या प्रतिकृती दाखवायला नेले होते. लांब मानेचे सगळे प्राणी मला तरी सारखेच वाटले, त्यामुळे मुलांच्या शंकांना नीट उत्तर देता आले नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सापडलेल्या डायनासोरला शाळेतील एका जुन्या पुस्तकात ‘टायटॅनोसॉरस’ म्हटले आहे, तर नव्या पुस्तकात ‘इसिसॉरस’. या प्राण्यांचे वर्गीकरण कोणत्या आधारावर करतात आणि नावे मध्येच का बदलतात? – एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ते सारखे वाटले यात नवल नाही. लांब मान, लहानसे डोके, खांबासारखे चार पाय आणि लांब शेपटी ही सबंध सॉरोपॉड (लांब मानेचे डायनासोर) समूहाची सामाईक ठेवण आहे, आणि जे सर्वांकडेच आहे त्यावरून आतले पोटगट पाडता येत नाहीत. आकारमान आणि मानेची लांबी यांवरही फार विसंबू नये, कारण या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे वाढल्या किंवा घटल्या आहेत. अर्जेंटिनातील ब्रॅकिट्रॅकेलोपॅनची मान चांगलीच आखूड होती, तरी तो डिप्लोडोकसच्या भाऊबंदांपैकी आहे. उलट चीनमधील मामेंचिसॉरसच्या मानेत १८-१९ मणके असूनही (जिराफाच्या मानेत आपल्यासारखेच ७ असतात) त्याचे कूळ वेगळे आहे.

प्रगत सॉरोपॉडांच्या दोन मोठ्या शाखा मानतात. डिप्लोडोकसच्या शाखेत मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असतात आणि पेन्सिलीसारखे बारीक दात जबड्याच्या पुढच्या भागातच असतात. दुसऱ्या शाखेत ब्रॅकिओसॉरस, कॅमॅरासॉरस आणि टायटॅनोसॉर येतात. कवटीतील नाकपुड्यांची मोठी छिद्रे ही तिची खूण समजली जाते. पैकी पहिल्या दोघांचे दात रुंद, चमच्यासारखे असतात, आणि ब्रॅकिओसॉरसचे पुढचे पाय लांब असल्यामुळे त्याची पाठ खांद्यापासून मागे उतरत जाते. मात्र अनेक टायटॅनोसॉरांचे दातही पेन्सिलीसारखेच होते, म्हणजे केवळ दात पाहून निकाल दिला तर ते चुकीच्या घरी जातील. म्हणूनच अभ्यासक एका खुणेवर थांबत नाहीत. शेकडो लक्षणांचा तक्ता मांडून, समान पूर्वजाकडून आलेली नवी लक्षणे कोणाकोणात एकत्र आढळतात ते तपासतात.

नावाचा गुंता याच मुद्द्याशी निगडित आहे. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये काही हाडे मिळाली होती. जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये जबलपूरच्याच हाडांवरून, मुख्यतः शेपटीच्या मणक्यांवरून, ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. त्या मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट असून मागच्या बाजूला गोल उंचवटा आहे. एकाचा उंचवटा मागच्या मणक्याच्या वाटीत बसतो आणि तशीच सबंध साखळी जुळत जाते. बहुतेक सॉरोपॉडांच्या शेपटीच्या मणक्यांची टोके सपाट किंवा किंचित खोलगट असल्यामुळे ही ठेवण त्या काळी अगदी आगळी वाटली, आणि तसा मणका जिथे सापडेल तिथे हेच नाव देण्याची प्रथा पडली. अर्जेंटिनापासून लाओसपर्यंत एकूण १४ जाती या एका नावाखाली जमा झाल्या! पुढे अधिक पूर्ण सांगाडे मिळाले तेव्हा कळले की ही ठेवण एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाची) नसून टायटॅनोसॉरांत सर्रास आढळते. मामेंचिसॉरसच्या शेपटीच्या पुढच्या मणक्यांतही ती स्वतंत्रपणे उद्भवली आहे. त्यामुळे जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या जीवाश्मतज्ज्ञांनी २००३ मध्ये ‘टायटॅनोसॉरस’ हे प्रजातीनाम वैध धरता येत नाही असा निष्कर्ष काढला. गंमत अशी की त्यावरून पडलेले समूहाचे नाव मात्र टिकले. लायडेकर यांचा एक मूळ मणका बरीच वर्षे बेपत्ता होता. तो २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता येथील संग्रहात पुन्हा सापडला. त्याने इतिहासातला दुवा जुळला, पण नावाची अडचण सुटली नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा सांगाडा मात्र या बाबतीत भाग्यवान ठरला. लॅमेटा नावाच्या खडकांच्या (क्रिटेशियस काळाच्या अखेरीच्या) थरांतील या सांगाड्याचे वर्णन सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ या नावाने केले. त्यात कवटी नव्हती, पण मान, पाठ आणि शेपटी यांचे मणके, तसेच खांद्याची, कमरेची व पुढच्या पायाची हाडे होती. केवळ सुट्या मणक्यांवर भिस्त नसल्यामुळे त्याचे वेगळेपण दाखवता आले आणि २००३ मध्ये त्याला ‘इसिसॉरस’ हे स्वतंत्र प्रजातीनाम मिळाले. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते बेतले आहे. सिरोंच्यापलीकडे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात मिळालेला बारापासॉरस (नामकरण १९७५) याच्याशी त्याची गल्लत होऊ देऊ नये; तो जुरासिक काळातला, कितीतरी जुना आणि वर सांगितलेल्या दोन्ही शाखांच्या बाहेरचा सॉरोपॉड आहे.

तेव्हा जुन्या पुस्तकात ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ असे पूर्ण नाव असेल तर तिथे ‘इसिसॉरस कोलबर्टी’ अशी दुरुस्ती खुशाल करावी. ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असेल तर तशी करू नये, कारण तो उल्लेख डोंगरगावच्या सांगाड्याचा नसून जबलपूरच्या मणक्यांचा आहे.