गिरगावातल्या जुन्या घरात १२० चौरस फुटांच्या खोलीला दोन टनांचा एसी: खोली गारठते, पण दमटपणा जात नाही. काय करावं?

एसी बिघडलेला नाही, खोलीला मोठा झालाय. एवढ्या खोलीला साधारण एक टन पुरतो. दोन टनांचा एसी काही मिनिटांतच हवा गार करतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. हवेतली वाफ एसीतल्या गार नळ्यांवर (कॉइलवर) जमून पाणी होऊन बाहेर जायला वेळच मिळत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात तर गादीसुद्धा ओलसर लागते. लगेच विकू नका. एसी २५-२६ अंशांवर आणि त्याचा पंखा कमी वेगावर ठेवा. पावसाळ्यात ड्राय मोड, म्हणजे दमटपणा कमी करणारा पर्याय लावा. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलंत तर एसी जास्त वेळ चालेल. त्याआधी मात्र जुनं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच, एसीला स्वतंत्र लाइन हवी. बदलायचाच झाला तर एक टनाचा इन्व्हर्टर एसी घ्या, त्यातला कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो.