वाचकांचे प्रश्न : स्लॅब मोजायचाय, पण सेन्सर भलतंच सांगतोय

प्रश्न : आम्ही ऐरोलीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिल-मे मध्ये स्लॅब इतका तापतो की रात्री पंख्याची हवासुद्धा गरम लागते. सोसायटी गच्चीला पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह पेंट लावायचं म्हणतेय, खर्च बराच आहे, म्हणून म्हटलं आधी आणि नंतर मोजून सगळ्यांना दाखवू. टीएमपी१०२ या तापमान सेन्सरचा छोटा बोर्ड आणला, नोडएमसीयूला (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) जोडला, दोन्ही एका प्लास्टिकच्या डबीत बसवून डबी छताला चिकटवली. पण रीडिंग ३-४ डिग्री जास्त येतंय, पहाटेसुद्धा, आणि डबी काढून टेबलावर थर्मामीटरशेजारी ठेवली तरी तेच. सेन्सर बदलून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको, सेन्सर बहुतेक ठणठणीत आहे. तो खरंच सांगतोय, फक्त स्लॅबचं नाही तर डबीच्या आतलं सांगतोय. टेबलावरही तोच फरक येतो म्हणजे उष्णता डबीतच तयार होतेय. टीएमपी१०२ स्वतः जेमतेम १० मायक्रोअँपिअर घेतो, त्याने काही तापत नाही, पण शेजारचा नोडएमसीयू वायफाय चालू असताना साधारण ७०-८० मिलिअँपिअर खेचतो आणि ५ व्होल्टचे ३.३ करताना त्याचा रेग्युलेटर वेगळा गरम होतो, बंद डबीत एवढं पुरेसं आहे. शिवाय टीएमपी१०२ ची चिप इतकी लहान असते की तिच्यापर्यंत उष्णता हवेतून कमी आणि तिच्या पायांतून, म्हणजे बोर्डावरच्या तांब्यातून जास्त पोचते, त्यामुळे बोर्ड ज्याला टेकलाय त्याचंच तापमान ती दाखवणार.

तर पहिलं काम म्हणजे सेन्सरचा बोर्ड डबीबाहेर काढा, वीतभर लांब चार वायर पुरतात. मग चिपची बाजू स्लॅबला टेकेल असा बोर्ड लावा, मध्ये थोडी थर्मल पेस्ट, आणि वरून तळहाताएवढा थर्माकोलचा तुकडा टेपने घट्ट बसवा. थर्माकोल विसरू नका, नाहीतर पंखा लावला की रीडिंग खाली येईल आणि तुम्हाला वाटेल स्लॅब थंड झाला. नोडएमसीयूला दर १० मिनिटांनी जागा करून बाकी वेळ डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळपास बंद, ठेवा, त्यासाठी डी० पिन रीसेटला जोडावी लागते, आणि जागा झाल्यावर आधी तापमान वाचून मगच वायफाय सुरू करा.

आता अचूकतेबद्दल, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी हे विचारणारच. हा सेन्सर ०.०६२५ डिग्रीच्या पायऱ्यांमध्ये आकडे देतो म्हणून स्क्रीनवर ३६.३१२५ असं दिसतं आणि एकदम भारी वाटतं, पण पायरी बारीक असणं आणि आकडा बरोबर असणं वेगळं, चूक साधारण अर्ध्या डिग्रीची आणि वाईटात वाईट २ डिग्रीची असू शकते. तुमच्या कामाला मात्र ते आड येत नाही कारण तुम्हाला फरक हवाय. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की दुसरा टीएमपी१०२ घ्या आणि खिडकीच्या ग्रिलला सावलीत लावा. बाहेर ३४ असताना छत किती आणि पेंटनंतर बाहेर ३४ असताना छत किती, ही तुलना कामाची, नाहीतर मधल्या काळात नुसतं ढगाळ झालं तरी त्याचं श्रेय पेंटला जाईल. दोन्ही सेन्सर त्याच दोन डेटा वायरींवर चालतात, फक्त एकाची ॲड्रेसची पिन ग्राउंडऐवजी व्हीसीसीला (पॉवरच्या पिनला) जोडायची, बऱ्याच बोर्डांवर त्यासाठी एक छोटा जंपर कापावा लागतो. वायर मात्र मीटरभराच्या आत ठेवा, आय-टू-सी, म्हणजे ही दोन डेटा वायरींची पद्धत, लांब पल्ल्यासाठी नाहीच.

लावण्याआधी दोन्ही बोर्ड झिप पाऊचमध्ये हवा काढून बंद करा, मग एका भांड्यात बर्फाचा चुरा घेऊन फटी भरतील एवढंच पाणी घाला, त्यात पाऊच बुडवून ढवळत राहा आणि आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा. तिथे ० यायला हवा, एकात ०.४ आणि दुसऱ्यात -०.३ आला तर तेवढं कोडमध्ये वजा करा. मीठ घालू नका, तापमान शून्याच्या खाली जातं.

आणि फक्त दुपारचं रीडिंग दाखवू नका. काँक्रीट दिवसभर ऊन साठवतं आणि ती उष्णता खालच्या बाजूला काही तासांनी उतरते, तुमचा त्रास रात्री ८ नंतरचा आहे तर आलेख रात्रीचा हवा. खाडी जवळ आहे, ग्रिलवरच्या बोर्डाच्या पिनांना वर्षभरात हिरवा थर धरतो, सोल्डरवर नेलपॉलिशचा पातळ हात मारा.

प्रश्न : कळव्यात फिश टँकसाठी वॉटरप्रूफ डीएस१८बी२० तापमान सेन्सर लावलाय, अधूनमधून ८५ आणि कधी -१२७ दाखवतो. पाणी तर गार आहे! काय समजायचं?

उत्तर : दोन्ही तापमानं नाहीतच. ८५ म्हणजे सेन्सरने सुरू झाल्यापासून अजून मोजलेलंच नाही, १२ बिटच्या बारकाईने मोजायला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढं थांबा, आणि तरी मध्येच ८५ येत असेल तर त्याची पॉवर तुटून परत येतेय. -१२७ म्हणजे लायब्ररीला सेन्सर सापडला नाही. डेटा आणि व्हीसीसीच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे का बघा, बहुतेक वेळा तोच राहिलेला असतो, तो असेल तर वायरचं जॉइंट हलवून बघा. हीटर या रीडिंगवर चालवत असाल तर हे दोन आकडे आले की हीटर बंद, अशी अट आजच घाला, -१२७ बघून कोडला वाटेल पाणी गोठलंय आणि हीटर चालूच राहील, मासे शिजतील.

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टला टीएमपी१०२ आणि आर्डुइनो उनो चालेल का? नेरुळला राहतो, लॅमिंग्टन रोडवरून आणणार आहे.

उत्तर : थेट नको. उनो ५ व्होल्टचा आणि हा सेन्सर ३.६ व्होल्टच्या वर सहन करत नाही, सिग्नलचा व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर लागेल. त्यापेक्षा डीएस१८बी२० घ्या, तो ५ व्होल्टवर आरामात चालतो, सोबत ४.७ किलोओहमचे चार-पाच रेझिस्टर तिथूनच उचला.